पथ्य एकाचं, चूल सगळ्यांची

अँजिओप्लास्टी होऊन माणूस घरी निघतो, तेव्हा त्याच्या फायलीत गोळ्यांच्या यादीमागे आहाराचा एक कागद असतो. वर रुग्णाचं नाव, वय, वजन. खाली सूचना: तेल दिवसाला तीन ते चार छोटे चमचे, मीठ बेताचं, तळलेलं बंद, लोणचं-पापड बंद, मैदा नको, साखर कमी, भाज्या आणि फळं भरपूर. कागद बरोबर असतो. त्यातल्या बहुतेक गोष्टी गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या संशोधनातून तावूनसुलाखून निघालेल्या आहेत. तरी काही महिन्यांनी तोच माणूस तपासणीला येतो तेव्हा कागदातलं फारसं काही टिकलेलं नसतं. "पथ्य पाळत नाही का काका?" असं विचारलं की काका खाली बघतात. सोबत आलेल्या काकू सांगतात, "ऐकतच नाहीत हो." मग सगळ्यांचं एकमत होतं की काकांचा जिभेवर ताबा नाही.

हे निदान मला अपुरं वाटतं. अनेकदा ते अन्यायाचंही असतं. कागदावर नाव एकाचं आहे, पण त्यावरची जवळजवळ प्रत्येक सूचना अशा कामाबद्दल आहे जे काका स्वतः करतच नाहीत. कढईत तेल ते ओतत नाहीत. आमटीत मीठ ते घालत नाहीत. किराणा आणायला गेलेच तर हातात दिलेल्या यादीप्रमाणे आणतात. आयुष्यभर त्यांनी समोर आलेलं ताट खाल्लं आहे. ताटात काय येणार, हे सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान ओट्याशी ठरतं, आणि महिन्याभराचं तर वाण्याच्या दुकानात पहिल्या आठवड्यातच ठरून गेलेलं असतं. हृदयरोगाचं पथ्य टिकतं की मोडतं याचा निकाल रुग्णाच्या मनोनिग्रहापेक्षा त्याच्या घराच्या रीतीवर जास्त अवलंबून असतो. या एका गोष्टीकडे जितकं नीट पाहावं तितकी ती खरी वाटत जाते.

आधी एक तुलना पाहू. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्या लोकांपैकी किती जण सवयी बदलतात, हे १७ देशांतल्या साडेसात हजारांहून अधिक रुग्णांच्या एका अभ्यासात पाहिलं गेलं. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी ते सोडलं होतं. आहार मात्र ३९ टक्क्यांचाच नीट होता, आणि गरीब देशांत तर त्याहूनही कमी जणांचा. तंबाखूचं व्यसन किती चिवट असतं ते आपण जाणतो. मग ते सुटतं आणि जेवण का बदलत नाही? कारणं अनेक असतील. पैसा हे त्यातलं मोठं कारण आहे, भाज्या-फळं महाग असतात. पण आणखी एक कारण मला ठळकपणे दिसतं. सिगारेटचं पाकीट एकाच्या खिशात असतं. ते फेकायला त्याला घरातल्या कुणाला विचारावं लागत नाही. जेवणाचं तसं नाही.

कॅनडात टोरोंटो विद्यापीठाचे डेव्हिड जेन्किन्स यांनी कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या पदार्थांचा एक आहार बांधला. ओट, बार्ली, इसबगोल, सोया, बदाम आणि आपल्या ओळखीची भेंडी आणि वांगीही त्यात आहेत. २००३ च्या अभ्यासात सहभागी लोकांना जवळजवळ सगळं अन्न संशोधकांनीच पुरवलं. महिन्याभरात घातक कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सुमारे २९ टक्क्यांनी उतरलं. कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या जवळपास पोचणारा हा परिणाम होता आणि त्याची चर्चाही खूप झाली. पुढे हाच आहार लोकांना सल्ल्याच्या रूपात दिला: तुम्ही तुमच्या घरी, तुमच्या पद्धतीने करा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साडेतीनशे लोकांच्या, सहा महिन्यांच्या अभ्यासात घट १३ ते १४ टक्के भरली. हीसुद्धा मोलाची घट आहे, तिला कमी लेखू नये. पण पदार्थ तेच, आणि आकडा निम्म्यावर आला. तयार अन्न हातात येणं आणि घरी जाऊन ते घडवून आणणं यांत किती अंतर आहे, हे या दोन आकड्यांमधून दिसतं. रुग्णाची इच्छा, आपल्या घरचा बाजार, सैपाक करणाऱ्याचा वेळ, मुलांच्या आवडी, सगळं त्या अंतरात मावतं.

आता उलट बाजू पाहा. आहाराने हृदय वाचतं हे ज्या प्रयोगांनी ठामपणे दाखवलं, त्यांच्या तपशिलात शिरलं की तिथे घर हजर असलेलं दिसतं. फ्रान्समध्ये लियों इथे १९८८ पासून झालेल्या प्रयोगात पहिला झटका येऊन गेलेले ६०५ रुग्ण होते. निम्म्यांना भूमध्य सागराकाठच्या पद्धतीचं जेवण सांगितलं: पाव, कंदमुळं, हिरव्या भाज्या आणि मासे जास्त, मांस कमी, रोज फळ, आणि लोणी-साय पूर्ण बंद. लोण्याच्या जागी मोहरीच्या कुळातल्या तेलापासून केलेलं एक खास लोणी दिलं. ते फुकट दिलं, आणि एकट्या रुग्णाला नाही तर त्याच्या सगळ्या कुटुंबाला पुरेल इतकं दिलं. सरासरी २७ महिन्यांनी मोजणी झाली तेव्हा नेहमीचं खाणाऱ्या गटात हृदयविकाराने १६ मृत्यू झाले होते, या गटात ३. या यशामागे आहारातले अनेक बदल आहेत. तरी मी त्या कुटुंबाला दिलेल्या डब्याशी थांबतो. त्या संशोधकांना कळलं होतं की न्याहारीच्या टेबलावर दोन प्रकारची लोणी ठेवली तर रुग्णाची सुरी कुठे वळेल.

स्पेनमधला ‘प्रेडिमेड’ हा अभ्यास याहून मोठा, सुमारे साडेसात हजार लोकांचा. त्यात एका गटाला ऑलिव्ह तेल मिळायचं, आठवड्याला साधारण एक लिटर. एका माणसाला आठवड्यात लिटरभर तेल खायचं नव्हतं. ते घरासाठी होतं, म्हणजे कढईत दुसरं तेल पडायलाच नको. २०१३ मध्ये निष्कर्ष आले की झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पुढे २०१८ मध्ये हा शोधनिबंध मागे घ्यावा लागला आणि दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला, कारण कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखं निष्पक्षपणे सगळीकडे झालेलं नव्हतं. ती चूक काय होती हे माझ्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकं आहे. एकाच घरातली दोन माणसं अभ्यासात आली, तर दुसऱ्यालाही पहिल्याच्याच गटात घातलं गेलं होतं. एका केंद्रावर तर गावच्या गाव एका गटात टाकलं होतं, कारण शेजाऱ्याला तेल मिळतं आणि आम्हाला नाही, अशा तक्रारी येऊ लागल्या. शास्त्राच्या नियमाने ही चूकच, आणि ती चूक म्हणून मान्य झाली. दुरुस्त मांडणीतही निष्कर्ष जवळपास तोच राहिला, फक्त दावा सावध झाला. पण त्या केंद्रांवरच्या लोकांना व्यवहारात जे अशक्य वाटलं ते काय होतं? एका चुलीवर दोन आहार चालवणं.

आपल्याकडे मात्र प्रत्येक रुग्णाकडून आपण नेमकं तेच मागतो.

रुग्ण घरी आला की पहिला उत्साह असतो. "यांच्यासाठी वेगळं" सुरू होतं. एक छोटी कढई बाजूला निघते. तिच्यात बिनतेलाची, अळणी दुधी भोपळ्याची भाजी. मोठ्या कढईत बाकीच्यांसाठी भरली वांगी, वर तेलाचा तवंग आणि कुटाचा खमंग वास. पंगतीला सगळे एकत्र बसतात आणि आजारातून उठलेल्या माणसाच्या ताटात शिक्षा वाढली जाते. तो चार दिवस मुकाट्याने खातो. पाचव्या दिवशी म्हणतो, "त्यातलं जरा एक वांगं वाढ गं, नुसती चव बघतो." वाढणारीचाही जीव तुटतोच. तिलाही दोन-दोन भाज्यांचा व्याप झेपत नसतो, विशेषतः घरात नोकरीवर जाणारी सून आणि शाळेचे डबे असतील तर. महिन्या-दोन महिन्यांत छोटी कढई पुन्हा मांडणीवर जाते. यात कुणाचा निर्धार कमी पडला? कुणाचाच नाही. दोन सैपाकांची व्यवस्थाच टिकणारी नव्हती.

टिकणारी रीत याच्या उलट आहे. सगळ्यांचा सैपाक रुग्णाच्या मापाने करायचा, आणि ज्याला जास्त हवं त्याने ते ताटात वरून घ्यायचं. भाजी कमी मिठाची, मीठ पानात डावीकडे वाढायची पद्धत आपल्याकडे आहेच. तिकडून चिमूट घेणारा घेईल. चटणीवर कच्चं तेल ज्याला हवं तो घेईल. शिजताना भांड्यात पडलेलं तेल आणि मीठ कुणालाच काढून टाकता येत नाही, ताटात घ्यायचं मात्र प्रत्येकाच्या हातात राहतं. पहिले काही आठवडे सगळ्यांनाच जेवण अळणी लागतं. पण मिठाची जीभ बदलते. दोन-तीन महिने कमी मिठाचं खाल्लं की त्याचीच गोडी लागते आणि आधीचं खारट वाटू लागतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तेवढा काळ घर एकत्र निभावलं तर पुढचं आपसूक सोपं होतं. एकट्याला ते जमत नाही, कारण घरात रोज जुन्या चवीचा घास समोर असतो आणि जीभ बदलायला वेळच मिळत नाही.

आता कागदावरचे "तीन ते चार चमचे" ओट्यावर आणून पाहू. चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा, चहाचा. पण आपल्या फोडणीचं माप चमचा नाही, पळी आहे. कित्येक घरांत पळीही नसते, पाउच कापून भांड्यात ओतलेलं तेल अंदाजाने कढईत सोडतात. हाताचा अंदाज पंचवीस वर्षांचा असतो, आणि तो भाजीच्या चवीला बांधलेला असतो. आता पोळी घ्या. घडीच्या पोळीत तेलाचं बोट फिरवतात. एका पोळीला पाव चमचा तेल धरलं, आणि चार माणसांच्या मिळून दिवसाला सोळा पोळ्या धरल्या, तर चार चमचे झाले. माणशी एक चमचा. म्हणजे कागदावर दिलेल्यातला तिसरा-चौथा हिस्सा पोळीच्या घडीतच संपला, आणि अजून पोह्यांना, भाजीला, आमटीला फोडणी पडायचीच आहे. हा हिशेब रुग्णाला करता येत नाही. तो ताटात बघून तेल मोजू शकत नाही. भाकरीवर मात्र हा चमचा वाचतो. ज्वारी-बाजरीचा कोंडा पोटात जातो तो लाभ वेगळाच.

म्हणून दिवसाचे चमचे मोजत बसण्यापेक्षा महिन्याचं तेल मोजावं, असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. माणशी दिवसाला चार चमचे म्हणजे वीस मिलिलिटर. चार माणसं, तीस दिवस, मिळून दोन लिटर चारशे मिलिलिटर. ज्या घरात दर महिन्याला पाच लिटरचा कॅन येतो तिथे माणशी आठ चमच्यांच्या वर तेल पोटात जातं आहे. मग रुग्णाने कितीही शपथा घेतल्या तरी त्याच्या वाट्याला त्यातलं येणारच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत निरोगी माणसाच्या दोन हजार कॅलरीच्या रोजच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. नीती आयोगाच्या अहवालाप्रमाणे देशात माणशी वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल लागतं, म्हणजे दिवसाला ५४ ग्रॅम. यात हॉटेलं, फरसाण, बेकरी सगळं आलं. पण घराचा त्यात मोठा वाटा आहे. शेंगदाणा चांगला की करडई, घाण्याचं की रिफाइंड, तूप खावं की न खावं, यावर आपल्याकडे जेवढं बोललं जातं त्याच्या पावपटही किती, यावर बोललं जात नाही. कुठलं तेल, याला महत्त्व आहेच. वनस्पती तूप, पामतेल आणि तेच तेच तापवलेलं तळणीचं तेल टाळावं. पण कॅन महिन्यात एक येतो की दोन महिन्यांतून एक, हा प्रश्न आधीचा आहे.

मिठाचंही असंच मोजता येतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चार माणसांच्या घराला महिन्याला सहाशे ग्रॅम. एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी, आणि तीही लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं, पाव यांतून येणारं मीठ धरलेलंच नसताना. पिशवी फोडताना तिच्यावर पेनने तारीख लिहावी. ती कधी संपली ते पाहावं. पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ कारखान्यातून तयार अन्नात येतं. घरच्या माणसाच्या हातात फारसं काही नसतं. आपल्याकडे अजून बहुतेक मीठ घरातल्या हातानेच पडतं, कणकेत, भातात, आमटीत. या बाबतीत आपलं स्वयंपाकघर बलवान आहे.

चीनमध्ये हे बळ दोन वेळा फार सुंदर रीतीने वापरलं गेलं. सहाशे खेड्यांतल्या सुमारे एकवीस हजार लोकांच्या प्रयोगात निम्म्या खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी असं मीठ दिलं की ज्यात पाव भाग सोडियमऐवजी पोटॅशियमचा क्षार होता. बहुतेकांना पूर्वी पक्षाघात झालेला होता. मीठ रुग्णापुरतं न देता त्याच्या घराच्या सगळ्या सैपाकाला आणि खारवणालाही पुरेल इतकं दिलं. सुमारे पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. २०२१ मध्ये हे निष्कर्ष आले. (मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, पोटॅशियम रक्तात वाढलं तर ते जिवावर बेतू शकतं.) दुसरा प्रयोग शाळांमधला. मुलांना मिठाचे धडे दिले आणि घरी जाऊन आजी-आजोबांना, आई-वडिलांना सांगायचं काम दिलं. एका सत्रात मुलांचं मीठ दिवसाला सुमारे दोन ग्रॅमने आणि मोठ्या माणसांचं जवळजवळ तीन ग्रॅमने कमी झालं. त्या मोठ्यांशी कुणी डॉक्टर बोलला नव्हता. नातू म्हणाला, "आजी, मीठ कमी घाल", आणि आजीने घातलं.

फिनलंडच्या नॉर्थ कॅरेलिया भागातही असंच झालं. तिथल्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू जगात सर्वाधिक मानले जात. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरने काम सुरू केलं आणि ‘मार्था’ या गृहिणींच्या जुन्या संघटनेला हाताशी धरलं. गावोगाव बायका जमून भाज्या वाढवलेल्या, लोणी कमी केलेल्या पाककृती एकमेकींना करून दाखवत. पुढच्या तीन-चार दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांमधले हे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. तंबाखू कमी झाली, रक्तदाबाचे उपचार सुधारले, हेही त्यात आहे. पण आजारी होते पुरुष आणि बोलणं झालं ते चुलीशी, हे विसरू नये.

घराच्या बाहेर पाऊल टाकलं की प्रश्न येतो आग्रहाचा. आपल्या पंगतीत आग्रह हे प्रेम आहे. "एक जिलबी घ्याच, एकाने काही होत नाही." ज्याच्यावर बायपास झाली आहे त्याला हे वाक्य लग्न, बारसं, मुंज, पूजा, दिवाळी मिळून वर्षात कितीदा ऐकावं लागतं! नाही म्हटलं तर यजमान खट्टू होतात. दुसऱ्यांदा नाही म्हटलं तर "तुमचं आपलं फारच" असं ऐकावं लागतं. आता त्याच पंगतीत गळ्यात तुळशीची माळ घातलेले वारकरी बसले असतील तर? मटणाची वाटी त्यांच्याकडे वळतही नाही. "माळकरी आहेत" एवढं कुणीतरी हळूच सांगतं आणि सगळं थांबतं. त्यांना निर्धार दाखवावा लागत नाही. त्यांचा नियम आजूबाजूच्या सगळ्यांनी उचलून धरलेला असतो. चातुर्मासाचंही तसंच. कांदेनवमीला कांद्याची भजी, थालीपीठं खाऊन ज्या घरांत कांदा बंद होतो, तिथे कार्तिकी एकादशीपर्यंत कुणी कांद्यासाठी तडफडत नाही. एरवी रोज कांदा लागणारी माणसं ती. टोपलीत कांदाच नसतो, शेजारच्या घरातही नसतो, आणि घरातलं कुणीच खात नसतं. सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो. संयम कसा टिकतो याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची समज आहे. ती आपण देवासाठी वापरतो, आजारासाठी वापरत नाही. मला वाटतं, घरातल्या एकाला झटका आला की पहिल्या चार महिन्यांपुरता सगळ्या घराने नेम धरावा. तळणीची कढई चार महिने वर. तेवढ्यात जीभही वळते आणि हाताचा अंदाजही.

आणि हा त्याग रुग्णासाठी आहे असं घरातल्या इतरांनी मानू नये. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरत्र तो जवळपास ५९ व्या वर्षी. बापाला पन्नाशीत झटका आला असेल तर तिशीतल्या मुलाच्या धमन्यांत काम कधीच सुरू झालेलं असू शकतं. भरल्या वांग्यांतलं तेल त्याच्याही हिशेबात जमा होतं. गोळ्यांची जागा आहार घेत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. झटका येऊन गेलेल्याने पथ्य नीट चाललंय म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नये.

यावरून दवाखान्यात काय बदलायला हवं ते उघड आहे. आहाराचा सल्ला देताना सैपाक करणारी व्यक्ती समोर बसलेली हवी. ती बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसलेली नको. तिला विचारावं: घरात जेवणारे किती, महिन्याला तेल किती येतं, मिठाची पिशवी किती दिवस जाते, दुपारचा डबा घरचा की खानावळीचा. पोळीभाजी केंद्रावर जेवण असेल तर सल्ला वेगळा द्यावा लागेल: पोळीऐवजी भाकरी घ्या, रस्सा कमी घ्या, वरची तर्री निथळून टाका, जमलं तर एक कोशिंबीर घरी करा. चार मिनिटांत होणारं हे बोलणं आहे. दोन ओळींत लिहून देता येतं: तेल महिन्याला अडीच लिटर, मीठ पन्नास दिवसांना किलो.

इथपर्यंत मी रुग्ण पुरुष आणि सैपाक करणारी बाई असं धरून चाललो. सगळ्यात अवघड गोष्ट पुढे आहे. रुग्ण स्वतः सैपाक करणारी असते तेव्हा काय होतं?

वरवर वाटतं की मग सोपंच आहे, सगळं तिच्याच हातात. प्रत्यक्षात तिचं पथ्य सगळ्यांत आधी मोडतं. नवरा आजारी पडतो तेव्हा ती घराची चव बदलू शकते, कारण कारण मोठं असतं: "यांना चालत नाही." स्वतः आजारी पडते तेव्हा "मला चालत नाही, म्हणून तुम्हीही अळणी खा" हे म्हणायला तिची जीभ वळत नाही. ती सगळ्यांसाठी नेहमीसारखं करते. स्वतःसाठी वेगळं करायला वेळ नसतो आणि ते तिला शोभतही नाही असं तिला वाटतं. शेवटी बसते तेव्हा पातेल्यात तळाशी राहिलेली भाजी असते, सगळ्यांत जास्त तेल खाली बसलेली. मुलाने टाकलेला अर्धा पराठा असतो, कालचा मसालेभात असतो. टाकवत नाही म्हणून ती ते संपवते. कोशिंबीर पुरली नाही तर ती तिच्याच वाटची पुरलेली नसते. संध्याकाळी चालायला जायचं तर कुकर लावायची वेळ. हा तिच्या स्वभावाचा दोष मानून आपण मोकळे होतो. बायकांना होणारा हृदयविकार तसाही उशिरा ओळखला जातो. छातीत कळ येण्याऐवजी थकवा, धाप, मळमळ अशी लक्षणं असली की त्यांना पित्त ठरवून टाकलं जातं. निदान झाल्यावरही पथ्याचा कागद तिच्या हातात देऊन सगळे आपापल्या कामाला लागतात, जणू तो कागद पाळणं हे तिच्या कामांच्या यादीतलं आणखी एक काम आहे.

अशा घरात कागद तिला देऊच नये. तो नवऱ्याला आणि मुलांना द्यावा. घराचं तेल अडीच लिटरवर आणायचं हा निर्णय नवऱ्याने सांगायचा, तिने नाही. मुलांनी एकत्र जेवायला बसायचं आणि तिला सगळ्यांबरोबर, पातेलं भरलेलं असताना पहिलं ताट वाढून घ्यायला लावायचं. उरलेलं संपवायची जबाबदारी फ्रीजची किंवा दुसऱ्या कुणाची. निवृत्त नवऱ्याला सैपाक येत नसेल तरी चालेल. सकाळी उठून दिवसाचं तेल चमच्याने मोजून एका वाटीत काढून ओट्यावर ठेवायचं, मिठाच्या पिशवीवर तारीख घालायची, काकडी-टोमॅटो चिरायचे, एवढं त्याला पहिल्या दिवसापासून जमतं. वाटीतलं तेल संपलं की त्या दिवशीची फोडणी संपली, हे त्याने घरातल्या सगळ्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं, म्हणजे तिला कुणाला नाही म्हणावं लागणार नाही.